बर्डीच्या टेकडीचा राजा

नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, खरेदीला येणाऱ्या कुणालाही मी आधी टेकडी दाखवतो. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथे भोसले आणि इंग्रज यांच्यात तोफा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या अरब शिपायांनी इथल्या दोन टेकड्यांपैकी धाकटी इंग्रजांकडून घेतली. वरून इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सची छावणी माऱ्यात आली होती. एवढ्यात टेकडीवरच दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, अरबांची फळी विस्कटली आणि इंग्रजांनी टेकडी परत मिळवली.

आप्पासाहेबांना कुणी पळपुटा म्हणेल. मला ते मान्य नाही. १८१६ चा इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह त्यांनीच केला होता, आधीचे राजे परशोजी यांच्या खुनाचा आरोपही त्यांच्यावर आहे. तो डाग मी पुसत नाही. पण १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेत अलाहाबादेला नेताना हा माणूस शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटला. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्याला आसरा दिला. पुढे अशीरगड, मग पंजाब, शेवटी जोधपूर. तिथे महाराजा मानसिंगांनी त्याला इंग्रजांच्या हवाली करायला साफ नकार दिला. १८४० मध्ये तो तिथेच वारला.

बर्डीचा किल्ला आज लष्कराकडे आहे, खाली मेट्रो धावते. आप्पासाहेबांचं नाव मात्र बाजारात कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.