डोकेदुखीचं माप

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये दक्षिणी आल्प्स ओलांडून वायव्येचा गरम, कोरडा वारा येतो. हा ‘नॉर्वेस्टर’ सुटला की डोकं चढतं, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र होतं. चढलेलं डोकं मोजायला मात्र काहीच नव्हतं.

माणसांना प्रश्न विचारून आयुष्य समजून घेण्याची परंपरा न्यूझीलंडमध्ये भक्कम आहे. १९७७ साली क्राइस्टचर्च परिसरात जन्मलेल्या १,२६५ मुलांचा मागोवा संशोधकांनी पुढे कित्येक दशकं घेतला. दक्षिणेकडे डनिडनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचाही असाच अभ्यास झाला. ती २६ वर्षांची झाल्यावर त्यांच्या डोकेदुखीचीही नोंद घेतली गेली.

दुखणं किती, हे रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून संशोधकांनी वेगळी वाट धरली: दुखण्यापायी काय अडलं ते विचारायचं. अमेरिकेत वॉल्टर स्ट्युअर्ट आणि रिचर्ड लिप्टन यांनी १९९० च्या दशकाअखेर ‘मिडास’ ही प्रश्नावली तयार केली. गेल्या तीन महिन्यांत नोकरी, घरकाम, कौटुंबिक कार्यक्रम यांतले किती दिवस वाया गेले, असे तिचे पाच प्रश्न. बेरीज २१ किंवा त्याहून जास्त आली, तर त्रास गंभीर.

पण डोकं ठणकत असतानाही पोळ्या लाटणाऱ्या बाईचा दिवस ‘वाया’ जातच नाही. काम निम्म्यावर आलं तर ‘मिडास’ तो दिवस धरते. दात-ओठ खाऊन पूर्ण उरकलं, तर नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते. जॉन वेअर, याकोब ब्यॉर्नर आणि मार्क कोसिन्स्की यांची डोकेदुखीचा परिणाम मोजणारी ‘हिट’ चाचणी ती बरीचशी भरून काढते, कारण आडवं व्हावंसं किती वेळा वाटलं, हेही ती विचारते.

तिची संगणकावरची आवृत्ती उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडते. कामात लक्ष लागत नाही असं कधीच होत नाही, असं कुणी म्हटलं, तर अंथरुणाला खिळण्याचा प्रश्न विचारत बसण्यात अर्थ नसतो. ‘नेहमीच होतं’ म्हटलं, तर तोच विचारायला हवा. अशा रीतीने मोजक्या प्रश्नांत अंदाज पक्का होतो. मूळ कल्पना जुनी: १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने मुलांची बुद्धी जोखताना त्यांच्या कुवतीप्रमाणे प्रश्न चढवत-उतरवत. १९९० च्या दशकात परदेशी उच्च शिक्षणासाठीची जीआरई परीक्षा संगणकावर दिलेल्या मराठी मुलांनीही हेच तंत्र अनुभवलं. संगणक नसलेल्या दवाखान्यासाठी सहा ठरावीक प्रश्नांची ‘हिट-६’ आली. तिचे गुण ३६ ते ७८. ६० पासून पुढे त्रास तीव्र.

प्रश्न मात्र आपल्या मातीतले हवेत. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी न्हाण्यानंतर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ मध्ये प्रसिद्ध केली. लांब केस, न्हाणं आणि डोकेदुखी यांचं नातं आपल्या घरोघरी ठाऊक होतं. ते नोंदवायला एक डॉक्टर लागला.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या महिन्यात काय काय अडलं, ते लिहून न्या. आणि जे अडू दिलं नाही, पण दुखत दुखत केलं, तेही त्यात लिहा.