पडशीत मावेल तेवढंच

तुम्ही आळंदीत, इंद्रायणीच्या घाटावर उभे आहात. साल 1835, ज्येष्ठ वद्य अष्टमी. नायलॉनची सॅक, टायटॅनियमचा मग, गॅसची शेगडी, किलोभर वजनाचा तंबू, यांतलं काहीच तुमच्याबरोबर इथवर आलेलं नाही. खांद्यावर पडशी आहे. एक कप्पा पुढे, एक मागे. पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात, आणि आषाढी एकादशीच्या आत पोचायचंय.

दिंडीतले एक म्हातारबा तुमची पडशी पायरीवर उलटी करतात.

“बाजरीचं पीठ कशापायी, माउली? या दमट हवेत कडू पडतंय. जोंधळ्याचं घ्या.”

दुसरा तांब्याही ते बाजूला ठेवतात. एकाच तांब्यानं पाणी शेंदायचं, प्यायचं, आंघोळ उरकायची. त्याच्या गळ्याला तेवढी लांब दोरी हवी. सातूचं पीठ राहतं, कारण ते पाण्यात गूळ घालून कालवलं की चूल पेटवावी लागत नाही. कारळ्याची कोरडी चटणी, मीठ आणि अभंगांचं बाड राहतं. काशाचे टाळ या सगळ्यांत जड, पण त्यांना कुणी हात लावत नाही.

तवा, परात, मोठं पातेलं दिंडीच्या बैलावर लादलेलं. हलकं चालण्याची खरी युक्ती मला इथेच दिसते: अख्खी दिंडी एका तव्यावर जेवते आणि तो कुणाच्याच खांद्यावर नसतो. आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला दिंड्यांची शिस्त लावली. त्या शिस्तीत भजनाचा क्रम जसा ठरलेला, तसा एकमेकांचा भार उचलणंही आलंच.

पुणं मागे पडतं आणि दिवे घाटात पाऊस गाठतो. तुम्ही घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेता. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे ती ताठ उभी राहते आणि पाणी बराच वेळ वरच्यावर निथळतं. पुढे ती भिजते, जड होते, मेंढीचा वास सुटतो. तरी आत ऊब टिकते. थांबल्यावर तीच अंथरायची, तीच पांघरायची. माउलींसाठी अंकलीच्या शितोळे सरकारांचा तंबू असतो. तुमच्यासाठी देवळाची ओसरी, नाहीतर झाड.

सासवडला चूल मांडायची. काडेपेटी या मुलखात अजून आलेली नाही. बांबूच्या नळीतून गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस निघतो. कापूस कोरडा राहिला तरच भाकरी, म्हणून दिवसभर ती नळी उराशी धरलेली. शेणीही कुणीतरी घोंगडीखाली सांभाळून आणलेल्या. तीन दगडांमध्ये धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात, मग एकदम जाळ धरतो आणि बाया थापायला बसतात.

नीरेचं स्नान झालं की पावसाचा जोर ओसरतो. फलटण, नातेपुते, माळशिरस हा उघडा मुलूख. इथे घोंगडी उन्हाला आडोसा होते. पीठ रोज उतरत जातं. दशमीला वाखरीहून निघताना पडशी जवळजवळ रिकामी, आणि दुसऱ्या दिवशी उपास. द्वादशीला पारणं सोडून बाजारात जा: जोंधळ्याचं पीठ भरून घ्या, मीठ घ्या, घरच्यांसाठी बुक्का आणि चुरमुरे घ्या. पौर्णिमेचा काला झाला की हीच वाट पायी परत तुडवायची आहे.