दिनविशेष : कुलचिन्हांचे चित्रकार ग्रॅहॅम जॉन्स्टन

स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह कोणी लावायचे, हे एडिनबरा येथील लॉर्ड लायन या कुलचिन्ह-अधिकाऱ्यांचे न्यायालय ठरवते. त्याची अधिकृत नोंदवही १६७२ पासूनची. याच न्यायालयाचे चित्रकार ग्रॅहॅम जॉन्स्टन (१८६९–१९२७) यांचे आज स्मरण.

चिन्हाचे वर्णन शब्दांत बांधलेले असते. स्कॉटिश राजचिन्हच घ्या: सोनेरी ढालीवर मागच्या पायांवर उभा लाल सिंह, भोवती लिलीच्या फुलांची दुहेरी किनार. सिंहाची आयाळ, शेपटीचे वळण, पंजांचा आवेश मात्र चित्रकाराने ठरवायचा. जॉन्स्टन यांचे खरे सामर्थ्य तिथेच दिसते.

फॉक्स-डेव्हिस यांच्या १९०९च्या ‘अ कम्प्लीट गाइड टू हेरल्ड्री’ या ग्रंथातील सुमारे आठशे आकृत्यांपैकी बहुतेक जॉन्स्टन यांच्याच रेखाटनांवरून घेतल्या आहेत. मजकुराइतकाच मान त्या रेषांनाही मिळायला हवा.