वेगळ्या डब्यातले पैसे

सरकारी योजना सुरू कशा होतात यापेक्षा त्या बंद कशा होतात हे वाचायला मला जास्त आवडतं. सुरू होताना फीत कापतात, फोटो निघतात. बंद होताना मात्र कुणी 'पैसे बंद' म्हणत नाही. ते फक्त 'दुसऱ्या खात्याकडे वर्ग' होतात. ब्रिटनच्या इंडिपेंडंट लिव्हिंग फंडाचं (पुढे नुसतं 'फंड' म्हणतो) असंच झालं.

जरा मागे जाऊ. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये ज्यांना अंघोळीला, कपडे घालायला, उठायला-बसायला माणूस लागायचा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना संस्थेत राहावं लागे. उठायचं कधी, झोपायचं कधी, हे संस्था ठरवणार. हॅम्पशायरमधल्या ल कोर्ट नावाच्या अशाच एका संस्थेत राहिलेल्या पॉल हंटनं १९७२ साली 'गार्डियन'ला पत्र लिहिलं आणि त्यातून अपंगांची स्वतःची चळवळ उभी राहिली. पुढे तिथल्याच काही रहिवाशांनी कौन्सिलपुढे साधा हिशोब मांडला: इथे आमच्यावर जो खर्च करता तोच आमच्या हातात द्या, मदतनीस आम्ही नेमतो. कौन्सिलनं ते मान्य केलं, आणि ऐंशीच्या दशकात ही मंडळी एकेक करून स्वतःच्या घरात राहायला गेली.

१९८८ मध्ये सरकारनं भत्त्यांची जुनी पद्धत बदलली, त्यात घरकामाच्या मदतीसाठी मिळणारी रक्कम गेली. अपंगांच्या संघटनांनी आरडाओरड केल्यावर तोडगा म्हणून हा फंड आला. अर्ज येतील काही शे, असा सरकारचा अंदाज होता. १९९३ पर्यंत लाभार्थी झाले सुमारे २२ हजार! (एस्टिमेट चुकणं ही काही फक्त आमच्याच धंद्याची मक्तेदारी नाही.) मग सरकारनं नियम कडक केले आणि खर्चाचा वाटा कौन्सिलांवरही टाकला. पण फंड टिकला.

त्यातलं खरं मोल रकमेपेक्षा पैसे हातात येण्याच्या पद्धतीत होतं. पैसे थेट माणसाला मिळत, मदतनीस तो स्वतः ठेवी. त्यामुळे मदत फक्त अंघोळ-जेवणापुरती राहिली नाही. नोकरीला जाणं, कॉलेज, मित्राकडे उशिरापर्यंत गप्पा मारत बसणं, हेही शक्य झालं. सर्वसमावेशक वगैरे मोठे शब्द आपण वापरतो ना, त्याचा रोजचा अर्थ एवढाच.

२०१० मध्ये फंडानं नवे अर्ज घेणं थांबवलं. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारनं तो २०१५ साली बंद करायचं जाहीर केलं. पाच लाभार्थी कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अपील कोर्टात जिंकले. कारण वाचण्यासारखं आहे: लोकांवर किती गंभीर परिणाम होईल हे मंत्र्यापुढे नीट मांडलंच गेलं नव्हतं, आणि समानता कायद्याप्रमाणे ते बघणं बंधनकारक होतं. पण कोर्टानं निर्णयाची प्रक्रिया चुकली म्हटलं होतं, निर्णय घेऊच नका असं नव्हे. मार्च २०१४ मध्ये सरकारनं कागद व्यवस्थित लावून तोच निर्णय पुन्हा घेतला. दुसरी केस लोक हरले. २४ जून २०१५ ला व्हीलचेअरवरचे आंदोलक थेट पार्लमेंटच्या सभागृहाच्या दारापर्यंत धडकले. ३० जूनला फंड बंद.

आता आमच्या भाषेत सांगतो. डेटा मायग्रेट झाला, पण कन्स्ट्रेंट टाकून दिला. इंग्लंडमध्ये पैसे कौन्सिलांकडे गेले, पण ते याच लोकांवर खर्च करायचं बंधन गेलं नाही. आपल्याकडे घराघरात दूधवाल्याचे, फीचे, औषधाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे ना, तसं बघा. सगळे डबे एकात ओतले की महिनाअखेरीला फीचे पैसे कुठे गेले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि चोरीही कुणी केलेली नसते. कौन्सिलांचं अनुदान २०१० पासून आटत होतंच; त्यांना रस्ते, कचरा, निराधार मुलं, सगळंच बघायचं होतं.

इतिहासात प्रयोग करता येत नाहीत म्हणतात, पण इथे तो आपोआप झाला. स्कॉटलंडनं १ जुलै २०१५ पासून आपला वेगळा फंड काढला, डबा वेगळाच ठेवला. वेल्सनं आधी अनुदान चालू ठेवलं, मग तेही कौन्सिलांकडे सोपवायला घेतलं. पण लाभार्थ्यांनी जोर लावल्यावर २०१९ मध्ये थांबून, ज्यांना नव्या व्यवस्थेत कमी मिळत होतं त्यांना स्वतंत्र फेरतपासणी देऊ केली. इंग्लंडनं यातलं काहीच केलं नाही. एकच फंड, एकच दिवस, तीन वाटा.

सरकारचा एक मुद्दा मात्र खरा होता. २०१० नंतर अर्ज करू पाहणाऱ्याला काहीच नाही आणि शेजारच्या घरात जुन्या लाभार्थ्याला सगळं, हा अन्याय होताच. पण बंद दारामुळे झालेल्या अन्यायावर उपाय म्हणून घरच पाडायचं? स्कॉटलंडनं २०२४ मध्ये दार उघडलं, नवे अर्ज पुन्हा घ्यायला लागले.

म्हणून बजेटमध्ये 'तरतूद कायम' असं वाचलं की मी आता पुढचा प्रश्न विचारतो: कुठल्या डब्यात? तुम्हीही विचारत जा.