किंगची सरळ रेष

अणूच्या वर्णपटातून नवे भौतिकशास्त्र शोधण्याची परंपरा सांगताना बहुतेक जण 1947 सालच्या लॅम्ब शिफ्टपासून सुरुवात करतात. हायड्रोजनच्या ज्या दोन पातळ्या एकच असायला हव्या होत्या, त्यांच्यात अंतर निघाले आणि क्वांटम विद्युतगतिकीला जोर आला. ते खरेच आहे. पण आज कॅल्शियम आणि यटर्बियम घेऊन बसलेल्या प्रयोगशाळांची भिस्त ज्या रीतीवर आहे, तिचे कूळ मला दुसरीकडे दिसते. डब्ल्यू. एच. किंग यांनी 1963 साली समॅरियमच्या वर्णपटावरील दुसऱ्याच कुणाच्या लेखावर एक टिपण लिहिले. स्वतंत्र शोधनिबंधही नव्हे, निव्वळ अभिप्राय!

एका मूलद्रव्याच्या समस्थानिकांत प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-अधिक. त्यामुळे त्यांच्या वर्णरेषा किंचित सरकतात. कारणे दोन: अणुकेंद्राचे वस्तुमान बदलते आणि आकारमानही बदलते. वस्तुमान काटेकोर मोजता येते. आकारमानाचे गणित अडते. किंग यांनी दोन वेगवेगळ्या रेषांचे सरकणे घेतले, त्यांतून वस्तुमानाचा ज्ञात गुणक भागून काढला आणि एक आकडा आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर मांडला. आकारमानातला फरक दोन्हींत तोच, म्हणून तो समीकरणातून गळून पडतो. बिंदू एका सरळ रेषेत येतात.

अर्धशतकानंतर कणभौतिकीवाल्यांनी हा आलेख उसना घेतला. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांच्यात एखादा अज्ञात हलका कण बल वाहून नेत असेल, तर त्याचा परिणाम न्यूट्रॉनच्या संख्येप्रमाणे वाढेल आणि बिंदू रेषेवरून ढळतील. ढळणे ओळखायला किमान तीन बिंदू, म्हणजे चार समस्थानिक हवेत.

यावर या शोधाचे मूळ म्हणून कोणी सीझियम पुढे करील. 1997 साली बोल्डरमध्ये त्यातला समतेचा (डाव्या-उजव्यातील सारखेपणाचा) भंग 0.35 टक्के अचूकतेने मोजला गेला. पण त्या आकड्याचा अर्थ लावायला अणूचे अवघड गणित लागते. 1999 साली मापन आणि सिद्धान्त यांत दिसलेली तफावत पुढे राहून गेलेल्या दुरुस्त्या धरल्यावर बरीचशी विरली. सत्तर इलेक्ट्रॉनांच्या यटर्बियमचे तसे गणित करायला कोण धजेल? वाकडेपणा दिसतो की नाही, एवढे विचारायला किंगच्या रेषेला त्या गणिताची गरज नाही. म्हणूनच सीझियमपेक्षा मी तिलाच मूळ पुरुषाचा मान देतो.

2020 साली एमआयटीच्या गटाने यटर्बियमच्या आयनाचे पाच समस्थानिक सुमारे 300 हर्ट्झच्या अचूकतेने मोजले. आलेख एक कोटीत तीन भाग इतका वाकलेला निघाला, तीन सिग्मा खात्रीने. त्याच वर्षी आरहूसच्या गटाच्या कॅल्शियममध्ये रेष सरळच राहिली. नवा कण? 2025 च्या आणखी काटेकोर मापनांतून यटर्बियममधला बराचसा वाकडेपणा अणुकेंद्राच्या लांबुळक्या घडणीवर टाकता आला.

इथे समॅरियम पुन्हा आठवते. त्याच्या 150 आणि 152 या समस्थानिकांच्या मध्येच अणुकेंद्र एकाएकी लांबुळके होते. किंग यांची रीत अशाच आडमुठ्या मूलद्रव्यावरून निघाली, हा मला योगायोग वाटत नाही: घडणीचा त्रास असेल तिथेच तो टाळण्याची युक्ती सुचते.

त्याच 2025 साली, आणखी काटेकोर मापनात, कॅल्शियमची रेषही वाकली. तिथे संशय अणुकेंद्राच्या ध्रुवीकरणावर आहे, आणि ते नीट गणता आल्याशिवाय नव्या कणाचा दावा कोणालाही करता येणार नाही.