सफाई कामगारांची सुरक्षा : साधने, नियम आणि जबाबदारी

महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या अखत्यारीतील कामांपैकी सर्वांत धोकादायक काम रस्त्याखाली चालते. भुयारी गटारे, मॅनहोल आणि मैलाटाक्यांची सफाई करताना २०१८ ते २०२३ या काळात देशात ३३९ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये लोकसभेत दिली. त्यापैकी ११७ मृत्यू एकट्या २०१९ या वर्षातील होते. कामगाराला हातमोजे आणि गमबूट दिले की सुरक्षेची जबाबदारी पूर्ण झाली, असे अनेकदा गृहीत धरले जाते. गटारातील बहुतेक मृत्यू मात्र विषारी वायू आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे होतात आणि त्यांच्यापासून या दोन्ही वस्तू कोणतेही संरक्षण देत नाहीत. त्यामुळे कोणते साधन कोणत्या धोक्यासाठी आहे आणि ते पुरविण्याची जबाबदारी कोणाची, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

धोक्याचे स्वरूप

बंदिस्त जागेत सांडपाणी आणि मैला कुजत असताना हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. याच प्रक्रियेत हवेतील प्राणवायूही घटतो. मोकळ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास ती जागा श्वसनासाठी असुरक्षित मानली जाते.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचतो. अत्यल्प प्रमाणात असताना त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे १०० भागांपर्यंत पोहोचले की काही मिनिटांतच वास ओळखण्याची क्षमता नष्ट होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला, हा समज म्हणूनच प्राणघातक ठरतो. हेच प्रमाण जीवितास तत्काळ धोकादायक मानले गेले आहे. ते ५०० ते १,००० भागांच्या दरम्यान गेल्यास माणूस अल्पावधीत बेशुद्ध होऊन कोसळतो.

मिथेनचे हवेतील प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडल्यास स्फोट होतो. पेटता दिवा किंवा काडी आत सोडून हवा तपासण्याची जुनी पद्धत या कारणाने धोक्याची आहे. शिवाय साचलेला गाळ ढवळला जाताच त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. उतरण्यापूर्वी हवा एकदा तपासून भागत नाही. काम चालू असेपर्यंत वायुमापक यंत्राने सतत तपासणी करावी लागते.

याखेरीज लेप्टोस्पायरोसिस, कावीळ, धनुर्वात आणि त्वचारोग यांचा धोका असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. गमबूट, जाड हातमोजे आणि जलरोधक पोशाख यांचे खरे कार्य या रोगांपासून आणि काच, खिळे यांच्या जखमांपासून संरक्षण देण्याचे आहे.

साधन आणि त्याची मर्यादा

श्वसनाच्या साधनांबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतात. कापडी मुखपट्टी वायू अडवू शकत नाही. धूळ गाळणारा मास्क झाडलोट आणि कचरा वाहतुकीसाठी उपयुक्त असला, तरी गटारात तो निरुपयोगी आहे. रासायनिक गाळणी बसविलेला मास्क ठरावीक वायू शोषून घेतो, पण तो प्राणवायू निर्माण करीत नाही. ज्या जागेत प्राणवायूच कमी आहे, तेथे बाहेरून नळीद्वारे शुद्ध हवा पुरविणारे किंवा पाठीवर हवेची टाकी असलेले श्वसनयंत्रच आवश्यक असते.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे संपूर्ण शरीराला बांधला जाणारा सुरक्षापट्टा आणि मॅनहोलच्या तोंडावर उभी केलेली तिपाई. खालचा माणूस बेशुद्ध झाल्यास त्याला तिपाईवरील चरखीच्या साहाय्याने वर ओढता येते आणि दुसऱ्या कोणालाही आत उतरावे लागत नाही. हे साधन नसले की सहकारी घाईने खाली उतरतात आणि तेही त्याच वायूला बळी पडतात. २०१५ मध्ये केरळमधील कोळिकोड येथे मॅनहोलमध्ये अडकलेल्या दोन कामगारांना वाचविण्यासाठी एक रिक्षाचालक आत उतरला. त्या घटनेत तिघांचाही मृत्यू झाला.

साधनांच्या दर्जासाठी भारतीय मानके ठरलेली आहेत. औद्योगिक हेल्मेटसाठी आयएस २९२५, सुरक्षापट्ट्यासाठी आयएस ३५२१ आणि संरक्षक पादत्राणांसाठी आयएस १५२९८ ही मानके आहेत. खरेदीच्या निविदेत त्यांचा उल्लेख असणे आणि माल ताब्यात घेताना त्यांची पडताळणी होणे महत्त्वाचे आहे.

कायद्यातील तरतुदी

या क्षेत्रातील पहिला केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. त्याचा भर कोरड्या शौचालयांवर आणि हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर होता. २०१३ मध्ये संसदेने व्यापक कायदा केला आणि तो ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. गटार आणि मैलाटाकीची ‘धोकादायक सफाई’ प्रथमच त्याच्या कक्षेत आली. संरक्षक साधने व सफाईची उपकरणे न देता आणि सुरक्षेचे नियम न पाळता कामगाराकडून हाताने करून घेतलेली सफाई, अशी तिची व्याख्या आहे.

या कायद्याच्या सातव्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था यांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अशा कामावर माणूस नेमता येत नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. गुन्हा पुन्हा घडल्यास ही मर्यादा पाच वर्षे आणि पाच लाख रुपये इतकी वाढते.

कायद्याखालील नियमांनी क्रम स्पष्ट केला आहे. सफाई यंत्राने करणे हा सर्वसाधारण नियम असून माणसाने आत उतरणे हा अपवाद आहे. जेथे यंत्र नेणे अशक्य आहे अशी दुरुस्ती, नवी वाहिनी मुख्य वाहिनीला जोडणे किंवा तळाशी बसविलेला पंप काढणे यांसारख्या मोजक्या कामांसाठी ही मुभा आहे. अन्य परिस्थितीत स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी परवानगी द्यावी लागते. काम दिवसाउजेडी करावे, सलग ९० मिनिटांपेक्षा अधिक वेळ करू नये आणि मध्ये ३० मिनिटांची विश्रांती द्यावी, असे बंधन आहे. पर्यवेक्षकासह किमान तीन कर्मचारी जागेवर हजर असावे लागतात. कामगाराचा किमान १० लाख रुपयांचा जीवनविमा उतरविणे आणि त्याचा हप्ता भरणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे.

रस्ते झाडणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या कामगारांबाबत २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत गणवेश, चमकणारे जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क यांचा उल्लेख करण्यात आला. ही साधने देण्याबरोबरच ती प्रत्यक्ष वापरली जातील याची दक्षता घेण्यासही त्या नियमांनी सांगितले.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिलेल्या निकालात १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख रुपये देण्याचे निर्देशही त्या वेळी देण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न

नियम इतके तपशीलवार असूनही मृत्यू का थांबले नाहीत, याचे उत्तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या सामाजिक लेखापरीक्षणातून मिळते. २०२२ आणि २०२३ मध्ये ८ राज्यांतील १७ जिल्ह्यांत झालेल्या ५४ मृत्यूंची त्यात तपासणी करण्यात आली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष संसदेसमोर आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा-साधन नव्हते. ३८ जणांना व्यक्तिशः कामावर बोलावण्यात आले होते, तर सरकारी वेतनपटावर केवळ ५ जण होते.

या आकडेवारीचा अर्थ स्पष्ट आहे. बळी जाणारा कामगार बहुधा ज्या नोंदवहीत साधने, प्रशिक्षण आणि विमा यांची नोंद होते, त्या नोंदवहीतच नसतो. काम ठेकेदाराकडे जाते, ठेकेदार नाक्यावरून माणूस आणतो आणि कायद्यातील ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द कागदावर राहतो. खासगी गृहनिर्माण संस्थांच्या मैलाटाक्यांबाबतही हेच घडते.

यंत्रांचा पर्याय

दाबाने पाणी सोडून तुंबलेली वाहिनी मोकळी करणारी जेटिंग यंत्रे आणि गाळ ओढून घेणारी सक्शन वाहने अनेक शहरांत वापरात आहेत. अरुंद गल्ल्यांत मोठे वाहन जात नसल्याने हैदराबादच्या जल मंडळाने २०१७ मध्ये लहान आकाराची जेटिंग यंत्रे आणली आणि ती दलित उद्योजकांमार्फत चालविण्याची योजना राबविली. केरळमधील अभियंत्यांनी तयार केलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे कामास लागला. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार व मैलाटाकी कामगारांची नोंदणी, सुरक्षा-साधनांचा संच, प्रशिक्षण आणि आरोग्यविमा यांचा समावेश आहे.

तथापि यंत्र आगारात उभे असेल आणि परवानगीची वही कोरी असेल, तर त्याचा लाभ कामगाराला मिळत नाही. यंत्र उपलब्ध होते का, लेखी परवानगी कोणी दिली, वायूची नोंद किती होती, तिपाई आणि श्वसनयंत्र जागेवर होते का आणि उतरणाऱ्याचा विमा आहे का, हे पाच प्रश्न झाकण उघडण्यापूर्वी विचारले जाणे अपेक्षित आहे. त्यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास काम थांबविणे ही पर्यवेक्षकाची जबाबदारी आहे.