काउंटर की प्रयोगशाळा?

बनारस हिंदू विद्यापीठातल्या फार्मसीच्या शिक्षणाचा इतिहास सहसा १९३२ पासून आणि महादेव लाल श्रॉफ या नावापासून सांगितला जातो. कागद मात्र आणखी पाच वर्षं मागे नेतात. ९ मार्च १९२७ रोजी दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये पुण्याच्या हारून जाफर यांनी औषधांवर सरकारी नियंत्रण आणणारा ठराव मांडला. बाजारात भेसळीच्या औषधांचा, विशेषतः क्विनीनचा, बोभाटा होता. हिवतापाच्या देशात खोटं क्विनीन विकणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तरी सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली ती ऑगस्ट १९३० मध्ये.

समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात, केंद्राचा कायदा हवा आणि औषध हाताळणारा माणूस शिकलेला, नोंदणी झालेला हवा, असा त्याचा रोख होता. कायद्याला १९४० उजाडलं. नोंदणीला तर त्याहूनही उशीर झाला. शिक्षणाचं पाऊल तेवढं अहवालाच्या पुढच्याच वर्षी पडलं, तेही सरकारी नव्हे, बनारसच्या विद्यापीठात.

बनारसचे टप्पे मात्र नीट वाचायला हवेत. १९३२ मध्ये सुरू झालं ते औषधी रसायनशास्त्र, बी.एस्सी.चा एक विषय म्हणून. तीन वर्षांचा स्वतंत्र बी.फार्म. अभ्यासक्रम आला १९३७ मध्ये. श्रॉफ अमेरिकेत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी रचलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आधी पदार्थाचं पृथक्करण करायला शिकतो. समितीच्या नजरेसमोर दवाखान्यातला आणि दुकानातला माणूस होता, श्रॉफांच्या नजरेसमोर कारखान्यातला आणि तपासणी प्रयोगशाळेतला. हा फरक मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गौरवग्रंथांत तो विरून जातो.

‘देशात पहिलं’ हे बिरुदही जपून वापरावं. पहिलं ते विद्यापीठातलं पदवी-शिक्षण. पणजीच्या वैद्यकीय शाळेत पोर्तुगीज अमदानीत, १८४२ पासूनच फार्मसी शिकवली जात होती.

श्रॉफांना वर्गाबाहेरचं कामही कळत होतं. १९३५ मध्ये संयुक्त प्रांतातली फार्मसी व्यावसायिकांची संघटना उभी राहिली, १९३९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ निघालं. पदवी आहे, पण तिच्या धारकाला कायद्यात वेगळी ओळख नाही, ही अडचण अशा संघटनेशिवाय सुटणारी नव्हती.

ती ओळख फार्मसी कायद्याने १९४८ मध्ये दिली, पण उदार हाताने. पहिल्या नोंदवहीत पदवी-पदविकाधारकांच्या बरोबरीने, दवाखान्यात किमान पाच वर्षं औषधं बनवून दिलेला कंपाउंडरही बसू शकत होता. एरवी देशभरचे दवाखाने ओस पडले असते, तेव्हा कायदेकर्त्यांना दोष देता येत नाही. १९५३ मध्ये शिक्षणविषयक नियम आले आणि नोंदणीसाठी किमान पात्रता म्हणून पदविका रुळली. परिणामी औषध देण्याच्या खिडकीमागे उभं राहायला बनारसच्या पदवीची गरजच उरली नाही. चोप्रा समितीला जिथे शिकलेला माणूस हवा होता ती जागा पदविकेकडे गेली. पदवीधर औषध कंपन्यांकडे, सरकारी तपासणी खात्याकडे आणि नव्या कॉलेजांत शिकवायला गेले.